कळसूबाईवरून माझी वरात

कळसूबाईवर चढलात कसे, असं मला कुणीच विचारत नाही. सगळे विचारतात, उतरलात कसे? आणि विचारताना तोंडावर हात धरतात. चहा सांगितलाय ना? मग बसा निवांत. गावात जे काही ऐकलं असेल ते बाजूला ठेवा, झालं काय ते मी सांगतो. इज्जत तर गेलीच आहे, निदान गोष्ट तरी सरळ जाऊ दे.

आम्ही तिघे जण. मी अशोक, मित्रांचा 'अशा', काष्टीत माझं खता-बियाण्याचं दुकान. गल्ल्यामागे बसून माणूस जेवढा वाढू शकतो तेवढा मी वाढलोय. दुसरा दिलीप, सुप्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. त्याच्याकडे गाडी आहे आणि मोबाईलवर डोंगरांचे व्हिडिओ बघायचा नाद आहे. चांगला माणूस, फक्त त्याच्या पोटात काही राहत नाही.

आणि तिसरा बापू. बापूची लिंबाची बाग आहे, पण गावात त्याची ओळख वेगळी. काहीही जड उचलायचं निघालं की बापूला हाक जायची. लग्नातली भाताची कढई असो, विहिरीतली मोटर असो, नाहीतर चिखलात रुतलेला टेम्पो असो. माझ्या दुकानी खताची गाडी आली की हमाल एक पोतं नेईपर्यंत हा गप्पा मारत मारत दोन नेऊन टाकायचा, आणि वर चहा माझ्याचकडून घ्यायचा.

गेल्या थंडीत बापूच्या छातीत दुखायला लागलं. नगरला नेलं, दोन स्प्रिंगा बसवल्या, देवाच्या दयेने निभावलं. काही महिन्यांनी डॉक्टरांनी सांगूनही टाकलं, आता हिंडा-फिरा, डोंगरसुद्धा चढा, दम लागला की थांबा म्हणजे झालं. पण डॉक्टरांनी सांगितलं म्हणून घरच्यांची भीती जाते का? बापूने बादलीला हात लावला की मंगलवहिनी धावत यायच्या. फावडं धरलं की पोरगा हातातून काढून घ्यायचा. एवढंच काय, त्याची चार वर्षांची नात, त्याने उचलून घ्यायला हात पुढे केले की म्हणायची, "आजोबा, तुमी नका उचलू, मी चालत येते."

हे बापूने मला सांगितलं तेव्हा तो हसला होता, पण ते हसू काही खरं नव्हतं. मग हळूहळू तो ओट्यावर नुसता बसून राहायला लागला. दुकानी येणं बंद झालं. फोन केला तर हं-हं करायचा. आजारातून उठलेला माणूस डोळ्यांदेखत मिटत चालला होता, आणि मला काही सुचत नव्हतं.

तशात दिलीपने टूम काढली की पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्यात, कळसूबाईला जाऊ. बापू नाही म्हणणार याची मला खात्री होती. पण तो चटकन हो म्हणाला, आणि तेही असं, की जणू वर्षभर कुणी विचारायचीच वाट बघत होता.

निघायच्या आदल्या दिवशी मंगलवहिनी दुकानात आल्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, "भावजी, जाऊ द्या म्हनते त्यांना. लई दिसांनी कशाला तरी व्हय म्हनलेत. पन त्यांना दम लागला की बसवा. आन् तुमी बसवताय हे त्यांना कळू देऊ नका. कोनी जपतंय असं दिसलं की ते आतल्या आत खचत्यात."

मी म्हटलं, वहिनी, काळजी सोडा. अगदी छातीवर हात ठेवून म्हटलं.

आता बापूला बसवायचं, पण त्याला कळू द्यायचं नाही, हे कसं जमायचं? रात्रभर विचार केला आणि मला एक नामी युक्ती सुचली. दमायचं नाटक मीच करायचं! बापूचा श्वास वाढला की मी बसायचं. मी बसलो की तो बसणार. त्याची विश्रांती होणार आणि कमीपणा माझ्याकडे येणार. माझ्या देहाकडे बघून कुणाला शंकाही येणार नाही. दिलीपला अर्थातच काही सांगितलं नाही, नाहीतर नगर यायच्या आधीच त्याने बापूला सांगून टाकलं असतं.

निघालो. काष्टीत रखरखीत ऊन. आमच्याकडचे ढग श्रावणातही नुसते येऊन बघून जातात, बाजरी त्यांच्याकडे तोंड करून उभी असते. संगमनेर सोडलं तसं आभाळ भरून आलं, अकोले तालुक्यात पाऊस लागला आणि राजूरच्या पुढे तर चोहीकडे भाताची खाचरं पाण्याने भरलेली. बापू काच खाली करून भिजत बघत राहिला. एकाच जिल्ह्यात देवाने असा दुजाभाव का करावा, असं म्हणाला. एवढं मोठं वाक्य मी त्याच्या तोंडून कित्येक महिन्यांनी ऐकलं.

पायथ्याच्या बारी गावात एका घरी मुक्काम केला आणि सकाळी चढायला लागलो. हवा म्हणजे लहरी सासूबाई. ऊन पडलं म्हणून रेनकोट काढावा तर सर यायची, घालावा तर पुन्हा ऊन. मधूनच धुकं असं उतरायचं की पुढे चालणारा दिलीप फक्त ऐकू यायचा. सुट्टीची गर्दी होती. तरणी पोरंपोरी गाणी लावून आम्हाला ओलांडून जात होती आणि जाता जाता "काका, सावकाश" म्हणत होती.

पहिल्या चढाला बापूचा श्वास जरा वाढला. मी लगेच बुटाची नाडी बांधायला बसलो. बापूही बसला. वा! पुढच्या वळणावर माझा गुडघा दुखला. बापू बसला. त्यानंतर माझी कंबर धरली, मग पोटरीत गोळा आला, मग डोळ्यांपुढे जरासं अंधारलं. शरीरात जेवढे अवयव आहेत ते सगळे मी ओळीने कामाला लावले, आणि दर वेळी बापू छान सावकाश बसून पाणी पीत होता. मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटत होतो.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. नडला तो बापूचा स्वभाव.

चौथ्या-पाचव्या वेळी तो उठला आणि काही न बोलता माझी पाठपिशवी उचलून स्वतःच्या खांद्याला लावली. आता बघा, ज्याला बादली उचलू द्यायची नाही म्हणून घर पाळत ठेवतं, तो स्वतःची पिशवी पाठीवर आणि माझी पोटावर घेऊन कळसूबाई चढतोय! आणि माझ्या पिशवीत सुरेखाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, भाकरी, ठेचा, शेंगदाण्याचे लाडू आणि पाण्याच्या बाटल्या असा आठवड्याचा शिधा भरलेला. मी पिशवी मागितली तर म्हणाला, "तुझं तुला वझं झालंय, तू नीट चल."

दिलीपही आता माझ्याकडे काळजीने बघायला लागला होता. पुढे लोखंडी शिडी लागणार होती. दोन पिशव्या घेऊन बापू शिडी चढला तर मी वहिनींना तोंड काय दाखवू? त्याला तिथेच थांबवायला हवं होतं, आणि गुडघे-कंबर तर वापरून झाले होते. मग मी काय केलं असेल? सांगतो. मी छातीवर हात ठेवला.

डाव्या बाजूला. अख्खा पंजा. आणि वर "आई गं" म्हणालो.

बापूचा चेहरा पांढराफटक पडला. तुम्हाला-मला ती नुसती खूण, पण तो त्यातून गेलेला माणूस. क्षणात पिशव्या खाली टाकून त्याने मला दगडाला टेकवलं, शर्टाच्या खिशातून त्याची स्वतःची गोळी काढली आणि म्हणाला, "अशा, जीभ वर कर."

मी तोंड घट्ट मिटून मान हलवली. त्याला वाटलं, दातखीळ बसली. त्याने गाल दाबून तोंड उघडलं आणि गोळी जिभेखाली सरकवली. बापूचे हात तुम्हाला माहीत नाहीत, त्या हातांनी बैलाचं तोंड उघडलंय. पुढच्या चार मिनिटांत त्या खऱ्या गोळीने माझ्या खोट्या दुखण्यावर असं काही काम केलं की डोकं ठणकायला लागलं आणि डोंगर गोल फिरायला लागला. मी उठायला गेलो आणि खरोखरच मटकन खाली बसलो. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, ते हे असं.

आता तुम्ही म्हणाल, अरे, तिथल्या तिथे खरं का नाही सांगून टाकलंस? सांगणार होतो हो. पण काय सांगू? बापू, मला काही झालेलं नाही, मी तुला बसवायला नाटक करत होतो, तुझ्या बायकोने तुला जपायला सांगितलंय? त्यापेक्षा खरंच हार्ट अटॅक आलेला बरा. मी डोळे मिटून घेतले.

आणि डोळे मिटल्यावर मला बापूचा आवाज ऐकू आला. तो जुना, विहिरीच्या तळातून वर येणारा आवाज. दिलीपला त्याने पिशव्या देऊन खाली पिटाळलं, गाडी वाटेच्या तोंडाशी आण म्हणून. बाजूच्या चहाच्या छपरातल्या माणसांना हाका घातल्या. ती माणसं भली, एका शब्दाने धावून आली. तिकडे रस्ता नसलेल्या वाडीतून आजारी माणसाला झोळीत घालून आणायची त्यांना सवय. कुणी छपराचा बांबू उपसला, कुणी जाड चादर आणली, गाठी मारल्या, आणि मला आत घातलं.

पहिल्यांदा उचलताना बांबू असा वाकला की त्यांनी मला परत खाली ठेवलं. एकजण दुसऱ्याला म्हणाला की अजून दोन माणसं बोलावू. तेवढ्यात बापू पुढच्या टोकाला गेला आणि बांबूखाली त्याने स्वतःचा खांदा दिला.

मी झोळीतून ओरडलो, "बापू, तू नको रे!"

"गप पड," बापू म्हणाला. "बोलायचं न्हाई, दम लागंल."

आणि माझी वरात निघाली. स्प्रिंगा बसवलेला माणूस खांदेकरी आणि ठणठणीत माणूस झोळीत! खालून येणारी गर्दी वाट सोडून उभी राहत होती. मघाची "काका, सावकाश" म्हणणारी पोरंपोरी परतताना भेटली, त्यांनी गाणं बंद केलं. दर्शन घेऊन उतरणाऱ्या एका आजींनी झोळी थांबवून माझ्या कपाळाला देवीचा अंगारा लावला आणि डोळे पुसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर येऊन गेली आणि एकदम धुकं फाटलं. मी पाठीवर पडलेलो, वाट वळलेली, त्यामुळे नजर थेट वर. अख्खी कळसूबाई, माथ्यावरच्या त्या इवल्याशा देवळासकट, हिरवीगार, ऊन पडून चमकणारी. बाकी सगळे पायाखाली बघून उतरत होते, तेवढा डोंगर मला एकट्याला दिसला. पण मी डोंगर बघत नव्हतो. मी पुढे बापूची मान बघत होतो. मान घामाने भिजलेली, खांदा बांबूखाली आवळलेला, आणि बापू बडबडत होता! त्या माणसांना काष्टीच्या बैलबाजाराच्या गोष्टी सांगत होता, उलट त्यांच्याकडून भाताचं ऐकत होता. चढ-उतार बघून तो खांदा बदलत होता, मधे थांबत होता, दम खात होता, अगदी डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. एका बाबाने चेष्टेत म्हटलं, तुमच्या पावण्याला घरी काय खायला घालता? त्यावर बापू असा हसला की झोळी हलली.

ते हसू ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, पडो ती इज्जत खड्ड्यात. हा असा हसत असेल तर मी नगरपर्यंत झोळीत यायला तयार आहे.

पण माझा जीव आहे माझ्या पोटात. खालच्या टप्प्यावर माणसांनी एका झाडाखाली झोळी टेकवली आणि वाऱ्यावर वास आला. कांदाभजी. लाडू तर दिलीपबरोबर खाली गेलेल्या पिशवीत, माझ्या पोटात फक्त ती गोळी. मी झोळीत ताठ उठून बसलो आणि विचारलं, "भजी कुठं तळत्यात रे?"

बापूने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग जवळच्या भज्यांच्या छपरात गेला, सगळ्यांसाठी भजी घेऊन आला, मला म्हणाला की पेशंटने तेलकट खायचं नसतं, आणि माझ्यासमोर उभा राहून एक भजं सावकाश चावून खाल्लं. मी पुन्हा आडवा झालो. झोळी पुन्हा उचलली गेली आणि पुढच्या टोकाला पुन्हा बापूच.

राजूरच्या दवाखान्यात माझ्या छातीला वायरी लावल्या. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा बघितला आणि म्हणाल्या, हृदय उत्तम आहे, गॅस झाला असेल. तोपर्यंत दिलीपने काष्टीला फोन करून माझा अर्धा अंत्यविधी उरकला होता. सुरेखा रडत फोनवर. मागे मंगलवहिनी. नुसतं एवढंच म्हणाल्या, "भावजी, मी तुमाला भलतंच काम सांगितलं." मी त्यांना सांगितलं की बापू झकास आहे, आणि फोन ठेवला, कारण बापू शेजारीच उभा होता.

गावी पोचलो तर दारात ही गर्दी. आमच्याकडे आजाऱ्याला रिकाम्या हाताने कुणी भेटायला येत नाही. शहाळी, केळी, बिस्किटाचे पुडे, एकाने तर अर्जुनाच्या झाडाची साल आणली. जो येई तो आधी हळहळे, मग "गॅस" ऐकला की खिडकीबाहेर बघत बसे. बापूने मात्र माझा ताबा घेतला. मीठ कमी कर, जिना जपून चढ, रोज पहाटे फिरायला चल. स्वतः दारात येऊन हाक मारतो. सहा वाजता! मला, ज्याला दुकान उघडायलासुद्धा दहा वाजतात!

पण तो येतो म्हणून मी जातो. मंगलवहिनी परवा दुकानात येऊन म्हणाल्या की तुमच्या दुखण्यापासून हे माणसात आले, आता जेवताना बोलतात. मी शहाण्यासारखी खताची पोती मोजायला घेतली.

मग गेल्या आठवड्यातली गोष्ट. कॅनॉलच्या कडेने आम्ही चाललो होतो. मी मागे धापा टाकत, तो पुढे. आणि मागे न बघताच बापू म्हणाला, "अशा, मंगलनं तुला जपायला सांगितलं हुतं ना?"

मी जागीच थांबलो. कधी कळलं, एवढंच विचारलं.

"भज्यांचं इचारलंस तवाच. छातीत कळ आलेला मानूस भजी न्हाई मागत, बाबा. मी न्हवती मागितली."

मला राग आला. खरंच आला. म्हटलं, "मग तिथंच उतरवायचं ना मला! तिथनं खाली सोताच्या खांद्यावर कशाला आनलंस? तुला काय झालं असतं म्हंजे?"

बापू थांबला. कॅनॉलच्या पाण्याकडे बघत म्हणाला, "वरीस हुत आलं, घरात मला कोनी काय उचलू देत न्हाई. बादली न्हाई, पोतं न्हाई, पोरगी न्हाई. मलाबी वाटाय लागलं हुतं, की आता आपल्याच्यानं काय व्हायचं न्हाई. तितं तू क्विंटलभराचा आयता गावलास. म्हटलं, नेऊन तर बघू."

"मग?"

"नेलं की," बापू म्हणाला, आणि चालायला लागला.

मी त्याच्या पाठोपाठ निघालो. आता तुम्हीच सांगा, या गोष्टीत मी कोण? मी मित्राला सांभाळायला म्हणून गेलो, अक्कल लढवली, अभिनय केला, त्याची गोळीसुद्धा गिळली. आणि शेवटी त्याच्या उपयोगी पडलं ते काय? माझं वजन!